युद्धाच्या भागात धान्यमदत: नाव कसं लावायचं, कागद कोणते लागतात, आणि ट्रक का अडकतो

ओळखपत्र जळलं, हरवलं, पळताना घरातच राहिलं, म्हणून नाव लावायला न जाणारे खूप असतात, आणि चुकतं ते इथेच. ओळखपत्र असेल तर न्या, विस्थापित किंवा निर्वासित म्हणून आधी नोंद झाली असेल तर ती चिठ्ठी न्या, यातलं काहीच नसेल तर वस्तीतली कमिटी किंवा शेजारी ओळख पटवून देतात आणि नोंद होते. नोंद कुटुंबाची होते, त्यामुळे घरातली सगळी माणसं मोजून सांगा, तान्हं बाळसुद्धा, कारण रेशन माणशी ठरतं, हिशोब दिवसाला साधारण 2100 किलोकॅलरीचा. साठा कमी पडला की हा आकडा कापतात, आणि तो बऱ्याचदा कमी पडतोच.

पात्रता कशी ठरते? लढाई नुकतीच पेटली असेल तर त्या भागात सरसकट सगळ्यांना देतात, नंतर मात्र यादी गाळतात: एकटी बाई घर चालवतेय, म्हातारं किंवा अपंग माणूस आहे, कमाई शून्य आहे, अशी घरं आधी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला रंगीत पट्टी लावतात, माप 115 मिलिमीटरच्या खाली आलं की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, मग त्या मुलावर वेगळे उपचार आणि शेंगदाण्याची पौष्टिक पेस्ट लगेच सुरू, त्यासाठी धान्याच्या यादीत नाव असायची गरज नाही.

वाटपाच्या दिवशी कार्ड किंवा टोकन लागतं, काही ठिकाणी बोटाचा ठसा. स्वतः जाता येत नसेल तर दुसऱ्या कुणाचं नाव आधीच लावून ठेवा, ऐनवेळी गेटवर कुणी ऐकत नाही. पैसे एक दमडी लागत नाहीत. कुणी पैसे किंवा "आणखी काही" मागितलं तर सरळ तक्रारीच्या नंबरवर कळवा, तो वाटपाच्या जागी लावलेला असायला हवा.

आता यादीत नाव आहे, तरी धान्य का येत नाही? कारण ट्रकला परवानगी मिळायची रांग वेगळी असते. ट्रकचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, माल, रस्ता, वेळ हे सगळं लढणाऱ्या दोन्ही बाजूंना आधी कळवावं लागतं, आणि एवढं करून चेकपोस्टवर नंबरातला एक आकडा जुळला नाही तरी अख्खा ताफा उन्हात उभा. कायदा खरंतर स्पष्ट आहे, 1949 च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम 59 सांगतं की ताब्यातल्या भागात लोकांना पुरेसं मिळत नसेल तर ताबा असलेल्या सत्तेला मदतीला संमती द्यावीच लागते. तपासणीचा हक्क त्यांना आहे, पण तपासणीच्या नावाखाली आठवडे काढायचे ही पळवाट जुनी आहे.

विमानातून टाका ना, असं लोक म्हणतात. सीरियात वेढ्यात अडकलेल्या देर-एझ-झोर शहरात फेब्रुवारी 2016 मध्ये तसं करून बघितलं, पहिल्या खेपेचा काही माल फुटला, काही भलतीकडेच पडला. नंतर जमलं, पण सप्टेंबर 2017 मध्ये वेढा फुटून रस्ता उघडला तसे ट्रकच गेले.