दात घडवू पाहणारी गाठ

मराठवाड्यात जनावरांचा दवाखाना म्हणजे गाय, म्हैस, शेळी. तिथे कुणी पिशवीतून भाटी घेऊन आलं तर रांगेतले लोक वळून बघतात. त्यामुळे वर्षभराची मांजरी दुधात कुस्करलेली भाकरी तोंडात घेऊन परत टाकायला लागली, वरच्या हिरडीवर गाठ दिसली, की आधी तुरटी-हळद होते. मग "कॅन्सर आहे, सोडून द्या" असा निकाल लागतो. म्हाताऱ्या मांजरांबाबत ही भीती बरीचशी खरी आहे. कोवळ्या मांजरांचं तसं नसतं. ओठावरची सूज अॅलर्जीची असू शकते. खालच्या दाढेजवळचा लाल गोळा बऱ्याचदा वरची दाढ टोचून टोचून आलेला असतो. घोरत श्वास घेणाऱ्या पिल्लाच्या टाळूमागे पॉलिप (मांसल कोंब) सापडतो, आणि त्याचं मूळ चक्क मधल्या कानात असू शकतं!

मला भुरळ पडते ती वरच्या जबड्यात पुढच्या बाजूला, बहुधा दीड वर्षाच्या आत येणाऱ्या एका दुर्मीळ गाठीची. गर्भात दात बनताना तोंडाच्या अस्तराच्या पेशी आत शिरतात आणि खालच्या पेशींना रासायनिक संदेश धाडतात: गोळा व्हा. त्या पुंजक्याचा पुढे दाताचा गर होतो. त्याच्या कडेच्या पेशी डेंटिन, म्हणजे दाताचा आतला कठीण थर, रचतात, आणि उलट निरोप मिळाल्यावर अस्तर त्यावर एनॅमलचं टणक कवच चढवतं. 1987 साली उंदरांच्या गर्भातलं हे अस्तर दातांशी संबंध नसलेल्या पेशींना जोडून पाहिलं, तर तिथेही दात घडले. आमच्या गाठीत हाच आदेश जन्मानंतरही सुटत राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली गरासारखे पुंजके आणि त्यांच्यावर टोपीसारखं बसलेलं अस्तर दिसतं. दात मात्र होत नाही. गाठ जबड्याचं हाड पोखरते, पण फुप्फुसापर्यंत पसरत नाही.

नुसत्या नजरेने यातलं काही ठरत नाही. भूल देऊन तोंड तपासायचं, जबड्याचा एक्स-रे काढायचा आणि गाठीचा तुकडा बायोप्सीला पाठवायचा. "सुई लागली की गाठ पसरते" हे पालुपद इथेही ऐकू येतं. त्याने फक्त उशीर होतो. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे विचारावं. गाठ आजूबाजूच्या हाडासकट काढावी लागते, वरवर खरवडली तर परत येते. जबड्याचा तुकडा गेलेलं मांजरही सहसा पुन्हा नीट खाऊ लागतं.

तोवर दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल मात्र देऊ नका. तिचा निचरा करणारं एन्झाइम मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतंच. अर्ध्या गोळीनेही जीव जाऊ शकतो.