लॉगिन बरोबर, माणूस दुसराच

२५ डिसेंबर २०१५ रोजी ‘स्टीम’ या गेमविक्रीच्या साइटवर आपल्या खात्याचं पान उघडणाऱ्या काहींना भलत्याच माणसाचं पान दिसू लागलं. ईमेल, बिलाचा पत्ता, खरेदीचा इतिहास, सगळं त्या दुसऱ्याचं. कुणाचाही पासवर्ड फुटला नव्हता. साइटवर हल्ला चालू होता. तो थोपवताना पानांच्या प्रती साठवणाऱ्या कॅशची रचना बदलली गेली आणि त्यात चूक झाली. एकासाठी बनलेलं पान दुसऱ्याच्या पुढ्यात गेलं. सुमारे ३४,००० जणांची माहिती अशी दिसली असावी, असं कंपनीनं नंतर सांगितलं.

लॉगिनच्या सुरक्षेचा विषय निघाला की गाडी पासवर्डवरच अडते. पण पासवर्डचं काम दारातच संपतं. वेबचा मूळ नियमसंच, एचटीटीपी, विसरभोळा आहे. आधीची विनंती कुणी केली होती हे तो लक्षात ठेवत नाही. म्हणून लॉगिन झाल्यावर सर्व्हर ब्राउझरकडे एक लांबलचक यादृच्छिक खूण देतो आणि ब्राउझर ती प्रत्येक विनंतीसोबत परत पाठवतो. हीच सेशनची, म्हणजे लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतच्या भेटीची, कुकी. ती ज्याच्या हातात, तो ‘तुम्ही’.

ही खूण चुकीच्या हातात कशी पडते, याचा नमुना मार्च २०२१ मध्ये गिटहबवर, म्हणजे प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात त्या साइटवर, दिसला. तिथे एक विनंती संपली तरी मागे चालणारं एक काम त्याच विनंतीच्या माहितीत डोकावत राहायचं. दरम्यान सर्व्हरनं तीच जागा पुढच्या विनंतीला दिलेली असायची. वेळ नेमकी जुळली, की एकाची सेशन कुकी दुसऱ्याच्या उत्तरातून निघून जाई. फटका ०.००१ टक्क्याहून कमी सेशनना बसला, तरी गिटहबनं ८ मार्चला सरसकट सगळ्यांना लॉगआउट केलं. माझ्या मते बरोबरच केलं.

‘अमुक खात्यानं लॉगिन करा’ या बटणामागचा प्रकार याहून गुंतागुंतीचा आहे. त्यामागे बहुधा ओऑथ २.० हा नियमसंच असतो, त्याचा मसुदा २०१२ मध्ये पक्का झाला. साइट तुम्हाला ओळख देणाऱ्या सेवेकडे पाठवते, तुम्ही तिथे संमती देता, आणि ती सेवा एक कोड देऊन तुम्हाला परत पाठवते. हा कोड परततो तो तुमच्याच ब्राउझरमधून, एका साध्या लिंकच्या रूपात. गोम इथेच आहे.

समजा, एखाद्या भामट्यानं स्वतःच्या खात्यानं ही प्रक्रिया सुरू केली आणि परतीची लिंक हातात आल्यावर थांबला. ती न वापरता त्यानं तुम्हाला पाठवली. तुम्ही ती उघडली, साइटनं कोड तपासला, कोड अस्सल निघाला. आता तुम्ही त्याच्या खात्यात लॉगिन झालात. तुम्हाला काही खटकत नाही, तुम्ही कार्ड जोडता, कागदपत्रं चढवता, आणि सगळं त्याच्या खात्यात जमा होतं. साइटवर तुमचं खातं आधीच उघडं असेल आणि ही लिंक खातं जोडण्याची असेल, तर त्याचं बाहेरचं खातं तुमच्या खात्याला चिकटतं. मग तो हवं तेव्हा आत.

यावरचा उपाय ‘स्टेट’. साइट तुम्हाला बाहेर पाठवतानाच एक यादृच्छिक संख्या तयार करते, ती तुमच्या ब्राउझरच्या सेशनशी बांधते आणि परतीच्या लिंकमध्ये तीच आली का ते पाहते. भामट्याच्या लिंकमध्ये त्याच्या सेशनची संख्या असते. ती जुळत नाही, काम तिथेच थांबतं. हीच संख्या सगळ्यांसाठी एकच ठेवणारे किंवा परत आल्यावर न तपासणारे महाभागही असतात, तो भाग वेगळा. २०१५ पासून ‘पिक्सी’ ही पुढची पायरी आहे: सुरुवातीला एका गुपिताचा फक्त हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ गुपित काढता येत नाही असा ठसा, पाठवायचा, आणि कोड वटवताना मूळ गुपित दाखवायचं. त्यामुळे ज्यानं सुरुवात केली, त्यालाच शेवट करता येतो.

कोड वटवला की साइटला टोकन, म्हणजे ओळख देणाऱ्या सेवेचा दाखला, मिळतो. तो कुणासाठी काढलाय, हेही बघावं लागतं. एका नाट्यगृहाचं तिकीट अस्सल असलं म्हणून दुसऱ्या नाट्यगृहाच्या दारावर चालत नाही. तसंच, भलत्याच ॲपसाठी निघालेलं टोकन ‘सही खरी आहे ना’ म्हणून स्वीकारलं, तर त्या ॲपच्या मालकाला तुमच्या नावानं इथे शिरता येतं. ओऑथवर ओळखीची भर घालणाऱ्या २०१४ च्या ओपनआयडी कनेक्टमध्ये ओळखीच्या टोकनवर ‘ऑड’ (ऑडियन्स, म्हणजे टोकन कुणासाठी) हा रकाना याचसाठी असतो.

राहिला प्रश्न, खातं शोधायचं कशावरून. बरेच प्रोग्रामर सरळ ईमेल घेतात. पण ईमेल बदलतो, आणि हातही बदलतो: २०१३ मध्ये याहूनं वर्षभर न वापरलेली नावं नव्या लोकांना द्यायला सुरुवात केली होती. त्यामुळे टोकनवरच्या ‘इश्यूअर’ आणि ‘सब’ या रकान्यांची जोडीच धरावी. पहिली सांगते ओळख कुणी दिली. दुसरी सांगते कुणाची, आणि ती त्या सेवेनं पुन्हा कुणालाही द्यायची नसते.

असे दोष चाचणीत सहसा सापडत नाहीत, कारण चाचणी करणारा एकटाच एका खात्यानं आत-बाहेर करत असतो. दोन खाती, दोन ब्राउझर, एकाच वेळी; पहिल्यात अर्धवट सोडलेलं लॉगिन दुसऱ्यात पुरं करून बघायचं. ते पुरं झालं, तर साइट अजून लोकांपुढे नेऊ नये.