अर्जुनक्षीरपाक

अर्जुनाची (टर्मिनॅलिया अर्जुना) साल दुधात सिद्ध करून हृद्रोगात देण्याचा आयुर्वेदीय कल्प. वृक्ष हिरडा, बेहडा, ऐन यांच्याच प्रजातीतला, नदी-ओढ्याकाठी वाढणारा. संस्कृत नावे ककुभ, पार्थ, धनंजय.

हृद्रोगातील वापर केव्हापासूनचा, याबद्दल एकमत नाही. चरकसंहितेत अर्जुन उदर्दप्रशमन गणात (अंगावर उठणाऱ्या गांधी शमवणाऱ्या औषधांच्या गटात) येतो. तिथल्या हृद्य (हृदयाला हितकर) गणात आंबा, करवंद, डाळिंब, महाळुंग आहेत, पण अर्जुन नाही. सुश्रुताने तो सालसारादी व न्यग्रोधादी गणांत घेतला. तिथेही रोख हृदयाकडे नाही. म्हणून श्रेय सहसा ‘अष्टांगहृदय’कार वाग्भटाला (सु. सातवे शतक) देतात. निःसंदिग्ध पाठ मात्र ‘चक्रदत्त’ या चिकित्साग्रंथात (सु. अकरावे शतक) मिळतो.

प्रमाण शार्ङ्गधरसंहिता या ग्रंथातले : द्रव्याच्या आठपट दूध, दुधाच्या चौपट पाणी, दूध उरेपर्यंत आटवणे. म्हणजे ५ ग्रॅम सालीला ४० मिलि. दूध व १६० मिलि. पाणी. आधी नुसते दूध पातेल्यात ओतून चमच्याच्या दांड्यावर पातळीची खूण करावी. नंतर पाणी व साल घालून मंद आचेवर त्या खुणेपर्यंत आटवावे व गाळावे. साल भरड हवी. वस्त्रगाळ चूर्ण गाळणीतून उतरते, तळाशी लागते आणि दूध तुरट होते. आच मोठी ठेवली तर पाणी लवकर उडते, सालीचा अंश पुरता उतरत नाही. सालीत टॅनिन भरपूर असते. ते दुधातील प्रथिनांशी बांधले जाते, म्हणून काढ्यापेक्षा क्षीरपाक कमी तुरट लागतो.

अर्जुनालाच अर्जुनसादडा म्हणतात आणि नुसता ‘सादडा’ म्हणजे ऐन. बाजारातल्या घोटाळ्याला इथूनच वाट मिळते. अर्जुनाची साल गुळगुळीत, करडी, पातळ पापुद्र्यांनी सुटणारी, आतून फिकट गुलाबी. ऐनाची काळपट, मगरीच्या पाठीसारखी भेगाळ. फळांना दोन्हीकडे पाच पंख असतात, पण ऐनाचे रुंद. साल खोडाच्या एकाच बाजूने काढावी. सभोवार सोलल्यास मुळांकडे जाणारे अन्न तुटून झाड वाळते.

आधुनिक चाचण्या क्षीरपाकाच्या नव्हेत, बहुतांशी सालीच्या अर्काच्या आहेत. हृदयविफलतेच्या १२ रुग्णांवरील १९९५ च्या चाचणीत सुधारणा दिसली; पुढे १०० रुग्णांवरील १२ आठवड्यांच्या चाचणीत डाव्या जवनिकेच्या (हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या) कार्यात फरक पडला नाही. चालू औषधे बंद करून हा कल्प घेऊ नये. छातीत अचानक कळ आल्यास रुग्णालय गाठावे.