संप्रेरके आणि अंतःस्रावी संस्था

शरीरातील काही पेशी थेट रक्तात सोडतात आणि दूरच्या पेशींचे काम ज्यांच्यामुळे बदलते, त्या रासायनिक द्रव्यांना संप्रेरके किंवा हार्मोन्स म्हणतात. लाळ नळीतून तोंडात येते, घाम नळीतून त्वचेवर येतो. संप्रेरक तयार करणाऱ्या ग्रंथींना अशी नळी नसते. त्यांचा स्राव भोवतीच्या केशवाहिन्यांत उतरतो, म्हणून त्या अंतःस्रावी. पोष ग्रंथी (पिट्युटरी), अवटू (थायरॉइड), परावटू, अधिवृक्क (ॲड्रिनल), स्वादुपिंडातील पेशींची बेटे आणि जननग्रंथी ही नेहमीची नावे. पण हृदय, मूत्रपिंड, आतडे, इतकेच काय चरबीसुद्धा संप्रेरके सोडते. दवाखान्यातून बाहेर पडणारा माणूस ‘हार्मोन्स बिघडलेत’ एवढेच सांगतो, तेव्हा त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. कोणते आणि कमी झाले की जास्त, हे दोन प्रश्न उरतातच.

रक्तातून निरोप जातो ही कल्पना जुनी नाही. १८४९ मध्ये जर्मनीत बेर्टोल्ट यांनी कोंबड्यांची वृषणे काढली, तेव्हा त्यांचे तुरे आक्रसले आणि आरवणे थांबले. वृषण पोटात दुसऱ्याच जागी बसवले तर मात्र तुरा पूर्ववत वाढला. जुन्या चेतातंतूंशी संबंध तुटूनही परिणाम टिकला होता. १९०२ मध्ये लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाचे चेतातंतू कापून तिथे आम्ल सोडले. स्वादुपिंड तरीही पाझरले. त्या निरोप्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटले. १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी ‘चेतवणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून ‘हॉर्मोन’ हा शब्द रूढ केला. मराठीतला ‘संप्रेरक’ त्याच अर्थाच्या जवळ जातो.

रक्त सगळीकडे फिरते, मग निरोप नेमक्या जागी कसा पोचतो? नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या गर्दीत कुणी ‘पिंट्या’ अशी हाक मारली तर ती ऐकू सगळ्यांना येते, वळून पाहतो तो पिंट्याच. ज्या पेशीवर किंवा पेशीत त्या संप्रेरकाचे ग्राही, म्हणजे त्याला ओळखून धरणारे प्रथिन, असते तीच प्रतिसाद देते. इन्सुलिनसारखी प्रथिनजन्य संप्रेरके पेशीच्या आवरणावरच्या ग्राहीला चिकटतात. कॉर्टिसॉलसारखी स्टेरॉइडे मेदात विरघळत असल्याने आवरण ओलांडून आत जातात आणि कोणती जनुके चालू ठेवायची यातच हात घालतात. त्यामुळे पहिल्या प्रकाराचा परिणाम बहुधा लवकर दिसतो, दुसऱ्याचा सावकाश. एकाच निरोपाचे अर्थही वेगवेगळे निघतात: ॲड्रेनलिनने श्वासनलिका सैल होतात, त्वचेतल्या रक्तवाहिन्या मात्र आवळतात.

निरोप देण्याइतकेच तो वेळेवर थांबवणेही महत्त्वाचे असते. वाळ्याच्या ताट्या लावलेला साधा नागपुरी कूलर एकदा सुरू केला की पहाटे हुडहुडी भरली तरी चालूच राहतो, कुणीतरी उठून बंद करेपर्यंत. फ्रिज मात्र पुरेसा गार झाला की आपणच थांबतो. अंतःस्रावी संस्था बहुतेक बाबतींत फ्रिजच्या पठडीतली: झालेला परिणामच पुढचा स्राव कमी करतो. प्रसूती हा ठळक अपवाद. तिथे कळांमुळे ऑक्सिटोसिन वाढते आणि ऑक्सिटोसिनमुळे कळा, बाळ बाहेर येईपर्यंत.

हे नियंत्रण पाहायचे तर नागपूरचा मे महिना पुरेसा आहे. पारा ४५ अंशांच्या पुढे, हवा कोरडी, नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागलेला. घाम भराभर उडतो, अंगावर दिसतही नाही. किती पाणी गेले याचा अंदाज म्हणूनच चुकतो. पाणी गेले की रक्त किंचित दाट होते. ही वाढ एक-दोन टक्क्यांची असली तरी मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतकातील पेशी ती ओळखतात. त्या दोन गोष्टी करतात: तहान लावतात आणि पोष ग्रंथीच्या मागच्या भागातून व्हॅसोप्रेसिन सोडतात. अवघ्या ९ अमिनो आम्लांचा हा रेणू मूत्रपिंडातल्या संग्राहक नलिकांवर काम करतो. तिथल्या पेशी पाण्याला वाट देणारी ॲक्वापोरिन नावाची प्रथिने आवरणावर आणून बसवतात आणि लघवीत जाणारे पाणी परत रक्तात खेचले जाते. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातले एक-दोन लिटरच बाहेर पडते. उन्हात तेही अर्ध्या लिटरच्या आसपास येऊ शकते. दुपारी गडद पिवळी लघवी दिसली की व्हॅसोप्रेसिन कामावर आहे असे समजावे आणि पाणी प्यावे.

रांजणातले गार पाणी घशाखाली उतरले की काही मिनिटांतच व्हॅसोप्रेसिन घटू लागते. पाणी अजून रक्तात मिसळलेलेही नसते. घसा आणि जठर मेंदूला आगाऊ खबर देतात, नाहीतर माणूस गरजेपेक्षा कितीतरी जास्त पीत बसला असता.

घामातून मीठही जाते. ते राखण्याचे काम अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्य थरातून येणाऱ्या अल्डोस्टेरॉनकडे असते. ते मूत्रपिंडात सोडियम अडवते आणि घामग्रंथींतही. त्यामुळेच रोज उन्हात राबणाऱ्याच्या घामातले मीठ एक-दोन आठवड्यांत कमी होत जाते. एप्रिलच्या आरंभीचे ऊन जास्त ‘लागते’, कारण शरीराची ही सवय तोवर झालेली नसते. कैरीच्या पन्ह्यात गूळ आणि मीठ एकत्र असते आणि आतड्याच्या पेशी ग्लुकोज व सोडियम जोडीनेच आत घेतात, पाठोपाठ पाणी जाते. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवलेल्या कांद्याबद्दल मात्र असे काही सांगता येत नाही.

गुळाचा विषय निघाला की इन्सुलिन येतेच. सकाळच्या तर्री-पोह्यातला स्टार्च ग्लुकोज होऊन रक्तात येतो, स्वादुपिंडातल्या बीटा पेशी तो जोखतात आणि इन्सुलिन सोडतात. मग स्नायू व चरबीच्या पेशी ग्लुकोज आत घेतात, यकृत ते साठवते. साखर उतरली की शेजारच्याच अल्फा पेशींचे ग्लुकागॉन यकृताला साठा मोकळा करायला लावते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन तयारच होत नाही. दुसऱ्यात आधी पेशी त्याचे ऐकेनाशा होतात, पुढे स्वादुपिंडही थकते. उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक पुन्हा आढळली तर मधुमेह धरतात. संत्रे खाणे आणि संत्रा बर्फी खाणे यांत इन्सुलिनच्या दृष्टीने बराच फरक आहे. अख्ख्या फळातली साखर तंतूंमुळे हळू उतरते, रस काढला तर तोही फायदा बराचसा जातो.

अवटू ग्रंथीचा कारभार याच्या उलट, संथ. थायरॉक्सिनच्या रेणूत आयोडीनचे ४ अणू असतात आणि रक्तात त्याचे प्रमाण निम्मे व्हायला सुमारे एक आठवडा लागतो. व्हॅसोप्रेसिनला काही मिनिटेच पुरतात. म्हणून गोळीचा डोस बदलल्यावर धंतोली-रामदासपेठेतल्या लॅबमध्ये आठ दिवसांत धाव घेऊन उपयोग नाही, टीएसएच दीड-दोन महिन्यांनी पाहायचे. टीएसएच हे पोष ग्रंथीचे संप्रेरक आहे. अवटू कमी पडली की ते वाढते, त्यामुळे अहवालातला चढा आकडा ग्रंथीच्या मंदपणाचा असतो. अनेकांचा इथेच गोंधळ उडतो.

ड जीवनसत्त्वही शरीरात संप्रेरकासारखेच वागते. त्वचेत उन्हाने त्याचे मूळ द्रव्य बनते, यकृत व मूत्रपिंड ते कार्यक्षम करतात आणि आतड्यातून कॅल्शियम शोषले जाते. पण इतके ऊन असलेल्या शहरात लोक दुपारभर घरात बसतात आणि बाहेर पडले तर दुपट्ट्याने डोळ्यांपुरती फट ठेवून. उन्हाच्या झळांपुढे दुसरा इलाजही नसतो.

बाहेरून दिलेल्या संप्रेरकालाही उन्हाळा सोसत नाही. इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. ते गिळले तर पचून जाते, म्हणून टोचावे लागते. उष्णतेत त्याची घडी मोडते. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या, फ्रीझरमध्ये कधीच नाही. वापरातली कुपी साधारण चार आठवडे टिकते, पण तीही ३० अंशांच्या आत. मे महिन्यात वीज गेलेल्या घरात खोलीच चाळिशी गाठते. तेव्हा कुपी प्लॅस्टिकच्या कोरड्या डबीत घालून दोन मातीच्या भांड्यांपैकी आतल्यात ठेवतात आणि दोहोंमधली वाळू ओली राखतात. त्या मातीतून पाणी उडते आणि गारवा राहतो, उन्हात आपल्या त्वचेवर घडते तसेच.