ऑस्टिओपॅथिक हस्तोपचारक (नागपूर)

सांधे, स्नायू आणि त्यांभोवतीच्या ऊती हातांनी चाचपून, दाबून, ताणून किंवा हलवून दुखणे कमी करणारा व्यावसायिक. हा औषधे लिहून देत नाही की शस्त्रक्रिया करत नाही. अस्थिरोगतज्ज्ञाशी त्याची गल्लत नेहमी होते. नागपुरात ही विद्या सहसा फिजिओथेरपीच्या दारातून येते, आणि तिची पारख करताना हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरते.

ऑस्टिओपॅथीचा प्रवर्तक अँड्र्यू टेलर स्टिल (१८२८–१९१७) हा अमेरिकी वैद्य. १८६४ मध्ये मेंदूज्वराने त्याची तीन मुले दगावली आणि त्या काळच्या औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला. १८७४ मध्ये त्याने आपली पद्धत जाहीर केली. १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे पहिले विद्यालय काढले. पुढे वाटा फुटल्या. अमेरिकेत ‘डीओ’ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) पदवीधर आज पूर्ण डॉक्टर असतो, शस्त्रक्रियाही करतो. ब्रिटनमध्ये मात्र ऑस्टिओपॅथ हस्तोपचारकच राहिला. तेथे १९९३ च्या कायद्याने नोंदणीशिवाय ‘ऑस्टिओपॅथ’ म्हणवून घेण्यास मनाई आहे. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात ‘ऑस्टिओपॅथ’ हे नाव डॉक्टरांसाठी राखीव असल्याने इतरांनी ‘ऑस्टिओपॅथिक मॅन्युअल प्रॅक्टिशनर’ हे लांबलचक बिरुद स्वीकारले. त्या बिरुदामागे सरकारी परवाना नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये प्रशिक्षणाचे मापदंड प्रसिद्ध केले. वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्यासाठी ४,२०० तास, त्यांपैकी किमान १,००० तास देखरेखीखाली रुग्णांवरचे काम. आधीच आरोग्यसेवेत असलेल्यासाठी साधारण १,००० तास. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र या आकड्यांशेजारी ठेवून पाहावे.

भारतात ऑस्टिओपॅथीसाठी स्वतंत्र परिषद नाही. कटकच्या श्री श्री विद्यापीठात तिचे पदवी शिक्षण मिळते, पण नागपूरच्या मुलामुलींची रुळलेली वाट वेगळी आहे : बारावी विज्ञान, ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा, मग फिजिओथेरपीची पदवी. हा अभ्यासक्रम आजवर सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसह साडेचार वर्षांचा राहिला आहे. शहरात ‘मेडिकल’ म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि हिंगणा मार्गावर डिगडोहला तो शिकवला जातो. वर्ध्याजवळ सावंगी मेघेलाही सोय आहे. पदवीनंतर मुंबईच्या राज्य परिषदेकडे नोंदणी होते, ती फिजिओथेरपिस्ट म्हणून. ऑस्टिओपॅथीची तंत्रे त्यानंतर लघु अभ्यासक्रमांतून किंवा परदेशी शिक्षकांकडून शिकली जातात. म्हणजे पाटीवर काहीही लिहिलेले असले, तरी कायद्याला जबाबदार असते ती मूळ पदवी. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

लोकांना हाताच्या उपचाराचे अप्रूप नाही. लचक भरली, मान धरली की चोळून घेणे, हाडवैद्याकडे जाणे, कमरेत चमक निघाली तर पायाळू माणसाचा पाय लावून घेणे हे विदर्भातल्या घरांना परिचितच. त्यामुळे ‘कट्’ असा आवाज झाला की हाड जागेवर बसले, अशी समजूत पक्की असते. तो आवाज सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार होण्याशी निगडित असतो, हाड सरकण्याशी नाही. आवाज न येताही उपचार लागू पडतो, हे पटवून देण्यात उपचारकाचा बराच वेळ जातो.

झटका देणे हे अनेक तंत्रांपैकी एकच. रुग्णाला स्वतः स्नायू आवळायला लावून मग सांधा सैल करणे, दुखऱ्या बिंदूला आराम मिळेल अशा स्थितीत अवयव धरून ठेवणे, ही सौम्य तंत्रे वृद्धांना मानवतात. कंबरदुखीत या उपचारांनी काही प्रमाणात फायदा होतो असे अभ्यास सांगतात. व्यायाम व हालचालींची जोड हवीच. कवटीची हाडे हलक्या स्पर्शाने हलवण्याच्या शाखेला मात्र भक्कम आधार नाही. मानेला जोरदार झटका दिल्यास मेंदूकडे जाणारी धमनी फाटून पक्षाघात होण्याचा धोका असतो. तो विरळ, पण गंभीर आहे.

म्हणून आधी तपासणी. पायांतली ताकद जाणे, जांघेत बधिरपणा, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप, कारणाविना घटलेले वजन किंवा पूर्वीचा कर्करोग यांपैकी काही आढळले, तर जाणता उपचारक पाठीला हात लावत नाही. रुग्णाला लगेच मेडिकल, मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा धंतोली-रामदासपेठेतल्या रुग्णालयात धाडतो.