पिवळ्या पट्टीमागची दीडशे वर्षं

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून येणाऱ्या पेशंटची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात संपते. "मॅडम, डोळ्यात काहीतरी गेलंय." ग्राइंडरवर काम चालू होतं, चष्मा लावला नव्हता, शेजारच्याने रुमालाच्या टोकाने कण काढायचा प्रयत्न केला आणि आता डोळा उघडवत नाही. साध्या उजेडात पाहिलं तर डोळा नुसता लाल दिसतो. मग मी एक छोटं पाकीट फोडते. आत कागदाची बारीक पट्टी असते, टोकाला नारिंगी. टोकावर सलाईनचा एक थेंब टाकायचा, पट्टी हलकेच झटकायची, खालची पापणी ओढून तिच्या आतल्या बाजूला टेकवायची. "काका, दोन-तीनदा डोळे मिटा, उघडा. आता हनुवटी इथे ठेवा, कपाळ पुढे टेकवा." स्लिट लॅम्पचा, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राचा, निळा फिल्टर सरकवला की कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, हिरव्या रेघा चमकून उठतात. त्या वरच्या भागात आणि उभ्या असल्या, की कण वरच्या पापणीच्या आत चिकटून बसलाय असं समजायचं. दर उघडझापीला तो कॉर्निया ओरबाडत असतो. पापणी उलटवायची, कण टिपायचा, काम झालं.

पाच मिनिटांच्या या कामामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात डोळ्यांच्या दवाखान्यात झालेली नाही.

पट्टीवरचा रंग म्हणजे फ्लोरेसिन. अडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो 1871 मध्ये तयार केला. तो काळ कृत्रिम रंगांचा होता. कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या रसायनांपासून नवनवे रंग बनत होते आणि कापडाच्या गिरण्यांना ते हवेच होते. फ्लोरेसिन मात्र कापडावर फारसं टिकणारं नव्हतं. त्यात ब्रोमीन घालून केलेला इओसिन रेशमाला आणि लाल शाईला उपयोगी पडला. मूळच्या फ्लोरेसिनचा गुण वेगळाच होता. निळा उजेड शोषून ते हिरवा उजेड बाहेर टाकतं, आणि अगदी कणभर असलं तरी दिसतं. ठाणेकरांना हे वेगळं सांगायला नको. कोलशेतला सँडोझ, कलर-केम यांच्यासारखे रंगरसायनांचे कारखाने आपल्याच शहरात होते. चिमूटभर रंग बादलीभर पाण्याचं काय करतो, हे तिथे नोकरी केलेल्या कितीतरी घरांत माहीत आहे.

या गुणाचा पहिला मोठा उपयोग झाला तो नदीवर. जर्मनीत डॅन्यूबचं पाणी एका ठिकाणी चुनखडीच्या भेगांत नाहीसं व्हायचं. ते जातं कुठे, यावरून वाद होता. 1877 मध्ये अडोल्फ क्नॉप या भूवैज्ञानिकाने तिथे 10 किलो फ्लोरेसिन ओतलं. साधारण 60 तासांनी, सुमारे 12 किलोमीटरवरचा आख नदीचा झरा हिरवागार झाला. आखचं पाणी पुढे ऱ्हाइनला मिळतं, म्हणजे डॅन्यूबचं पाणी जमिनीखालून ऱ्हाइनकडे वळत होतं. डोळ्याच्या तपासणीत आम्ही आजही हेच करतो. जिथे वाट आहे तिथे रंग शिरतो, आणि शिरला की दिसतो.

डोळ्याकडे तो आला 1882 मध्ये. पुढे जंतुशास्त्रात आणि औषधशास्त्रात मोठं नाव झालेले पॉल एर्लिख तेव्हा तिशीतही नव्हते. त्यांनी सशांना फ्लोरेसिन टोचलं आणि डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातल्या पाण्यात ते कसं उतरतं ते पाहिलं. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये एर्न्स्ट फ्लुगर यांना सशांच्याच डोळ्यांत दिसलं, की कॉर्निया जिथे खरचटलाय तिथेच रंग धरतो. 1888 मध्ये श्ट्राउब यांनी माणसांच्या कॉर्नियावरच्या जखमा शोधायला हा रंग वापरला.

कारण साधं आहे. कॉर्नियाचा वरचा थर शाबूत असला, तर पाण्यात विरघळणारा हा रंग त्यातून आत जात नाही, अश्रूंबरोबर वाहून जातो. थर फाटला असेल तिथेच तो मुरतो. म्हणून वेल्डिंगचा चटका बसलेल्या डोळ्यात बारीक ठिपक्यांचा सडा दिसतो, नागिणीसारख्या विषाणूच्या जखमेत झाडाच्या फांदीसारखी नक्षी, आणि भातकापणीत पात लागलेल्या डोळ्यात कडा पसरलेला डाग. शहापूर-मुरबाडकडून त्या हंगामात येणाऱ्या पेशंटच्या डोळ्यातल्या या डागाची मला जास्त धास्ती वाटते, कारण पिकाच्या काडीने झालेल्या जखमेत बुरशी शिरते आणि मग बरं व्हायला महिने जातात.

पुढच्या काळात या रंगाने कामं वाढवत नेली. 1921 मध्ये एरिक झायडेल यांनी दाखवलं, की जखमेवर गडद रंग लावला आणि आतून पाणी झिरपत असलं, तर त्या पाण्याने रंग पातळ होऊन हिरवा ओघळ दिसतो. आज ऑपरेशननंतर टाका गळतोय का ते असंच बघतात. बर्नमध्येच हान्स गोल्डमान यांनी 1950 च्या दशकात डोळ्याचं प्रेशर मोजायचं यंत्र केलं. त्याचं टोक कॉर्नियाचा 3.06 मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट करतं. फ्लोरेसिनमुळे तिथे दोन हिरवी अर्धवर्तुळं दिसतात. त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना टेकल्या, की आकडा वाचायचा. काचबिंदूच्या तपासणीत आजही हीच पद्धत प्रमाण धरतात.

या साऱ्या इतिहासातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा टप्पा मात्र शोधाचा नाही, चूक सुधारण्याचा आहे. पन्नास-साठ वर्षं हा रंग बाटलीतून थेंबाथेंबाने डोळ्यात घातला जायचा. बाटली उघडायची, एकाला घालायची, झाकण लावायचं, दुसऱ्याला घालायची. फ्लोरेसिनच्या द्रावणात स्यूडोमोनास नावाचा जंतू छान वाढतो. बाटलीत घातलेल्या जंतुनाशकांचा जोरही त्यात पुरेसा टिकत नाही. शिवाय रंग घालायचा तोच मुळी खरचटलेल्या डोळ्यात, जिथे जंतूला दार उघडंच आहे. हा जंतू एक-दोन दिवसांत कॉर्निया वितळवून टाकू शकतो. कण गेला म्हणून दवाखान्यात आलेल्या माणसाचा डोळा तपासणीमुळेच जाणं, याहून वाईट काय असेल?

1951 मध्ये सॅम्युएल किमुरा यांनी यावर उपाय मांडला. गाळणकागद फ्लोरेसिनमध्ये भिजवायचा, वाळवायचा, निर्जंतुक करायचा. कोरड्या कागदावर जंतू वाढत नाही. एक पट्टी, एक वापर. मी शिकत होते तेव्हा आमचे वयस्कर सर एका पट्टीने दोन्ही डोळे कधीच करू देत नसत. "पट्टी दोन रुपयांची, डोळा कितीचा?" एवढंच म्हणायचे. 2023 च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली, ओपीडीत लाल डोळ्यांची रांग लागली, तेव्हा हे वाक्य मी नव्या मुलींना रोज ऐकवलं.

फ्लोरेसिनचीच भावंडं म्हणावीत असे आणखी रंग आले. रोझ बेंगाल त्याच घराण्यातला, 1880 च्या दशकातला. स्वीडनचे हेन्रिक श्योग्रेन यांनी 1933 मध्ये कोरड्या डोळ्यांच्या आजारावर लिहिलं त्यात त्याचा वापर होता. तो फार झोंबतो. तो फक्त मेलेल्या पेशी रंगवतो असं बरीच वर्षं मानलं जाई. अश्रूंतल्या चिकट द्रव्याचं आवरण नसलेल्या जिवंत पेशीही तो धरतो, हे 1992 मध्ये समोर आलं. आता त्याच्या जागी बहुधा लिसामिन ग्रीन वापरतात. हा रंग वेगळ्या घराण्यातला, पण पेशंटला बराच सुसह्य. ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांतून दिवसभर स्क्रीनसमोर बसणारी मुलं येतात, त्यांच्यासाठी मात्र फ्लोरेसिनच पुरतं. "एकदा डोळे मिटा, आता उघडे ठेवा." अश्रूंच्या हिरव्या थरात काळा डाग पडेपर्यंत मी मनात आकडे मोजते. दहाच्या आत डाग पडला, तर अश्रूंचा थर टिकत नाही.

शिरेतून हाच रंग टोचून डोळ्याच्या मागच्या पडद्याचे, म्हणजे रेटिनाचे, फोटो काढायची अँजिओग्राफी ही वेगळी तपासणी. हॅरोल्ड नोव्होटनी आणि डेव्हिड अल्विस या अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी ती 1961 मध्ये प्रसिद्ध केली. त्यात काही तास कातडी पिवळसर दिसते आणि लघवी गडद होते. मधुमेहाच्या पेशंटला हे आधी सांगून ठेवलं नाही, तर रात्री घाबरून फोन येतो.

पट्टीचाही रंग उरतो, पण थोडाच. काकांनी निघताना नाक शिंकरलं आणि रुमाल पिवळा झाला. "हे काय मॅडम, नाकातून कसं आलं?" डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची नळी असते, काका. तुमची मोकळी आहे. दोन दिवसांनी परत या, पुन्हा पट्टी लावून रेघा बघू.

ते आले. निळ्या उजेडात कुठेच हिरवं नव्हतं.