‘पाणी लावू नकोस, फोड येईल’

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आमच्या शेजारी चकल्या तळणं चाललं होतं. चकली झाऱ्यावरून निसटून तेलात पडली आणि काकूंच्या मनगटावर तेल उडालं. काकू नळाकडे धावल्या, तेवढ्यात सासूबाईंनी हात धरला. “पाणी लावू नकोस, फोड येईल!” मग कुणी तूप काढलं, कुणी हळद, नातू टूथपेस्ट घेऊन आला. सगळ्यांच्या मनात माया होती. पण त्या घडीला सर्वांत मोलाची असलेली मिनिटं मात्र त्यात निघून गेली.

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय, आणि अजूनही ते ऐकलं की अस्वस्थ व्हायला होतं. फोडातलं पाणी नळाचं नसतं, आपल्याच रक्तातलं असतं. भाजलेल्या जागच्या केशवाहिन्या पाझरू लागतात आणि तो द्रव त्वचेच्या वरच्या आणि खालच्या थरांमध्ये साठतो. याला वेळ लागतो, कधी कधी काही तास. तोवर पाणी लावून झालेलं असतं, म्हणून आळ पाण्यावर येतो. उलट टूथपेस्ट लावूनही ज्यांना फोड आला नाही, त्यांचं भाजणं बहुधा इतकं वरवरचं होतं की काहीही न लावता फोड आलाच नसता.

भाजणं म्हणजे नेमकं काय होतं, हा मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. १९४७ साली हार्वर्डमधल्या मॉरिट्झ आणि हेन्रिकेस या संशोधकांनी डुकरांच्या, आणि काही माणसांच्याही, त्वचेवर ठरावीक तापमानाची उष्णता ठरावीक वेळ देऊन नोंदी केल्या. ४४ अंश सेल्सिअसला त्वचेचं कायमचं नुकसान व्हायला सुमारे ६ तास लागतात. ४५ अंशांना सुमारे ३ तास. ४७ अंशांना पाऊण तास. ६० अंशांना जेमतेम ५ सेकंद! शाळेत आपण शिकतो की तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. इथे तो एकाच अंशाने दुप्पट होतोय.

असं का? पेशीतलं प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी, ठरावीक पद्धतीने घडी घातलेली. ही घडी टिकते ती शेकडो लहान-लहान बंधांवर. एकेक बंध अगदी दुबळा असतो, पण सगळे मिळून एकमेकांना धरून असतात. दहीहंडीचे थर आठवा. एखाद्या गोविंदाचा पाय थोडा हलला तर बाकीचे सावरून घेतात. हलणं एका मर्यादेपलीकडे गेलं की मात्र एकदोन माणसं खाली येत नाहीत, सगळा मनोरा कोसळतो. प्रथिनाची घडी अशीच एकदम उलगडते. एकाच वेळी पुष्कळ बंध तुटावे लागत असल्याने या क्रियेची सक्रियण ऊर्जा, म्हणजे क्रिया घडायला लागणारी किमान ऊर्जा, प्रचंड असते. हेन्रिकेस यांच्या सूत्रात ती मोलमागे सुमारे ६२८ किलोज्यूल आहे. नेहमीच्या क्रियांमध्ये हा आकडा ५०च्या आसपास असतो. आर्‍हेनियसच्या तापमान आणि वेग यांचं नातं सांगणाऱ्या समीकरणात ही ऊर्जा घातांकात बसते, म्हणून तापमानातला इवलासा फरक वेगात अवाढव्य होतो.

आता हेच गणित उलटं वाचा. त्वचेचा एखादा थर ५० अंशांवर असेल आणि आपण तो ४४ वर आणला, तर फरक सहाच अंशांचा. पण नुकसानीचा वेग सहा वेळा निम्मा झाला, म्हणजे ६४ पटींनी मंदावला.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. तेल पुसलं, तवा सुटला, तरी भाजणं थांबत नाही. वरच्या थरातली उष्णता आत झिरपत राहते. त्वचेत १ मिलिमीटर आत जायला तिला साधारण १० सेकंद लागतात. २ मिलिमीटरला २० नव्हे, ४० लागतात, कारण अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट होतो. म्हणून पहिला मिनिट हाती असतानाच हात नळाखाली जायला हवा.

मग जगभरचे डॉक्टर २० मिनिटं पाणी धरायला का सांगतात? उष्णता तर दोन-चार मिनिटांत निघून जाईल. याचं उत्तर बर्मिंगहॅमचे शल्यचिकित्सक डग्लस जॅक्सन यांच्या वर्णनात आहे. भाजलेल्या जागेत तीन पट्टे असतात, हे त्यांनी १९५३ मध्ये मांडलं. मधला मेलेला, बाहेरचा नुसता लाल झालेला, आणि या दोन्हींच्या मध्ये एक काठावरचा. त्यातल्या पेशी जिवंत असतात, पण रक्तपुरवठा अडखळत असतो. पुढच्या एक-दोन दिवसांत त्या जगूही शकतात आणि मरूही शकतात. थंडाव्यामुळे पेशींची भूक कमी होते, सूज आणि दाहाची रसायनं आटोक्यात राहतात, आणि हा काठावरचा पट्टा वाचण्याची शक्यता वाढते. म्हणूनच उशीर झाला तरी, तीन तासांच्या आत, पाणी धरण्यात अर्थ असतो.

पाणी गार हवं, बर्फाचं नको. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात आणि त्या काठावरच्या पट्ट्याचीच उपासमार होते. आपल्याकडची अडचण वेगळी आहे. भर दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून कोमट, कधी कधी चटका देणारं येतं. अशा वेळी माठ कामाला येतो. त्या दिवशी टाकीचं पाणी कोमटच होतं. शेवटी सासूबाईंनीच माठातलं पाणी तांब्या-तांब्याने काकूंच्या मनगटावर ओतलं, तेही घड्याळ लावून. बांगड्या मात्र आधी काढायला लावल्या. मनगट सुजल्यावर त्या निघत नाहीत.

तूप किंवा खोबरेल का नको? तेलाची उष्णता वाहून नेण्याची क्षमता पाण्याच्या जेमतेम तिसऱ्या-चौथ्या हिश्शाची असते, आणि तेवढंच तापायला तेलाला उष्णताही निम्मीच लागते, म्हणजे ते त्वचेतली उष्णता कमीच शोषतं. शिवाय ते थर होऊन बसतं, वाहून जात नाही. टूथपेस्टची गोष्ट वेगळी. पुदिन्यातलं मेंथॉल त्वचेतल्या टीआरपीएम८ या थंडी ओळखणाऱ्या प्रथिनाला चेतवतं. मज्जातंतू मेंदूला ‘गार वाटतंय’ असं कळवतो, पण त्वचेचं तापमान जवळपास तिथेच राहतं. हे प्रथिन थंडी ओळखतं हे २००२ मध्ये कळलं आणि ते शोधणारे डेव्हिड ज्युलियस व आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. आराम वाटणं आणि बरं होणं या दोन गोष्टी वेगळ्या, याचं इतकं नेटकं उदाहरण क्वचितच सापडतं. हळद, शाई, पीठ यांनी तर डॉक्टरांना जखमेची खोलीच दिसत नाही.

‘भाजलेल्या जागी पुन्हा शेक द्या, आग आगीला ओढून घेते’ हा समज मात्र निव्वळ क्रूर आहे. लहान मुलांना असा शेक देणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, थांबा. उष्णता उष्णतेला ओढत नाही. ती गरम जागेकडून गार जागेकडेच जाते.

पाण्यानंतरचं घरगुती औषध म्हणाल, तर विज्ञानाने तेही तपासलंय, आणि आपल्याच राज्यात. सोलापूरच्या वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातले एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये १०४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना मध, निम्म्यांना भाजण्यावरचं तेव्हाचं नेहमीचं औषध, सिल्व्हर सल्फाडायझिन. मधाच्या गटातल्या जखमा लवकर जंतुमुक्त झाल्या. मध जंतूंचं पाणी शोषून घेतो, आम्लधर्मी असतो, आणि जखमेतल्या ओलाव्याने पातळ झाला की त्यातलं एक विकर (एन्झाइम) थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. पण दवाखान्यात वापरायचा मध जंतुरहित केलेला असतो, बाटलीतल्या मधात जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. कोरफडीचा गर किरकोळ, फोड न आलेल्या जागी चालतो. पानाचा पिवळा चीक आधी निथळून टाकावा, तो खाजरा असतो.

तळहाताहून मोठी जागा, चेहरा, हात, सांधे, लहान मूल, विजेचं किंवा रसायनाचं भाजणं, किंवा पांढरी पडलेली न दुखणारी त्वचा असेल तर घरगुती काहीच करत बसू नये. पाणी, स्वच्छ कापड आणि थेट डॉक्टर. फोड फोडायचा नाही.

आणि केळीचं पान! मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयात मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्या भाजलेल्या मुलांना लावल्या, १९८५ मध्ये त्याबद्दल लिहिलं. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात माधुरी गोरे आणि सहकाऱ्यांनी त्या पट्ट्यांशी केळीच्या पानाची तुलना केली आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले: गुण सारखाच, पान बरंच स्वस्त आणि तयार करायला सोपं. ती पानं वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केलेली होती, परसातून तोडून आणलेली नव्हेत. भाजल्याच्या जखमेत रुग्णाला सर्वांत जास्त धास्ती असते ती पट्टी ओढून काढण्याची. ज्या मेणचट थरामुळे पंगतीत वरण पानात मुरत नाही, त्याच थरामुळे ते पान ओल्या जखमेलाही चिकटत नाही.